दक्षिणा फेलो : एका जागेचा मागोवा

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींच्या शेजारच्या टेबलावर थोडा वेळ बसलं, की दोन शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतात : गाइड आणि फेलोशिप. ‘गाइडने सिनॉप्सिस परत केला.’ ‘फेलोशिप अजून जमा नाही.’ ‘आरआरसीत टॉपिकच बदलायला लावला.’ हे सगळं कशासाठी चाललंय, या कामातून आपल्याला काय शोधायचंय, हा विषय निघालाच तर तिसऱ्या चहाला निघतो आणि चेष्टेवारी जातो.

ध्येय हे उदात्त प्रकरण आहे आणि ते गुरूच्या सहवासातून, त्याच्या वाणीतून मिळतं, असं आपण गुरुपौर्णिमेच्या भाषणांतून ऐकत आलो. पैसा मात्र हिशेबाच्या वहीतला. पण महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात गुरुशिष्यांचं जे आधुनिक नातं तयार झालं त्याचा माग काढत गेलं, तर गुरू, पैसा आणि ध्येय ही तिन्ही एकाच जागेत गुंतलेली सापडतात. त्या जागेचं नाव दक्षिणा फेलो. महादेव गोविंद रानडे या जागेवर होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि सहा-सात दशकांनी इरावती कर्वेही होत्या. या जागेचं मूळ मात्र कुठल्याही कॉलेजात नाही. त्यासाठी पर्वतीच्या पायथ्याशी जावं लागतं.

रमण्यातली नाणी

श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची चाल मराठेशाहीत सेनापती दाभाड्यांनी तळेगावला चालवली होती. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे हा दानधर्म पेशव्यांकडे, म्हणजे पुण्याला आला. पर्वतीच्या पायथ्याशी त्यासाठी भिंतींनी बंदिस्त केलेला रमणा होता. लांबलांबून हजारो ब्राह्मण श्रावणात पुण्याची वाट धरत. सगळ्यांना आत घ्यायचं आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर नाणी ठेवायची, असा तिथला शिरस्ता. वैदिकांची आणि शास्त्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांची परीक्षा होई, योग्यता ठरे आणि त्याप्रमाणे मोठी रक्कम मिळे; मानाची शालही मिळे. थोडक्यात, रमण्यातली दक्षिणा जातीला होती आणि परीक्षेची दक्षिणा विद्येला. तीही अर्थात त्याच जातीतल्या विद्येला. बाई, कुणबी, महार यांचा या हिशेबात कुठे संबंधच नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांपुढे प्रश्न आला, की या खर्चाचं करायचं काय? एकदम बंद करावा तर पुण्यातला सगळा वैदिक वर्ग बिथरणार. चालू ठेवावा तर कंपनीच्या पैशाने श्रावणमास साजरा होणार. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारभारात यावर मधला मार्ग निघाला : दक्षिणा कमी करून चालू ठेवायची, आणि तिच्यातला काही भाग विद्येकडे वळवायचा. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. कमिशनर चॅप्लिन यांनी ती उघडली. रमण्यात वाटला जाणारा पैसा आता वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला आणि शिकवणाऱ्या शास्त्र्याला मिळू लागला.

पुढच्या तीसेक वर्षांत दक्षिणेच्या यादीत नवी नावं घालणं थांबलं आणि वाचलेल्या पैशावर भांडण जुंपलं. १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की यातला काही पैसा चांगले मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, मग लेखक कुणीही असो. या मंडळींत लोकहितवादी होते. सनातनी मंडळींनी याला कडाडून विरोध केला. तरी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झालीच. त्याच वर्षी पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज काढण्यात आलं. १८६४ मध्ये त्याचं नाव डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ मध्ये ते जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या इमारतीत गेलं. दानाचा पैसा आधी पाठशाळेत गेला, मग बक्षिसात, आणि तिथून त्याची पुढची पायरी ठरली ती फेलोशिप.

साठ रुपयांची जागा

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. परीक्षा घेणारी संस्था आली, पण शिकवणारी माणसं कुठून आणायची? विलायतेहून येणारे प्रोफेसर मोजके, महागडे आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर परत जाणारे. म्हणून हुशार विद्यार्थ्यांनाच दरमहा वेतन द्यायचं, त्यांनी स्वतः पदवीचा अभ्यास करायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायचं, अशी सोय करण्यात आली. त्यासाठी पैसा होता दक्षिणेचा. रानड्यांना कनिष्ठ फेलो म्हणून महिना ६० रुपये आणि ज्येष्ठ फेलो म्हणून १२० रुपये मिळत. १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत रानडे आणि भांडारकर दोघे होते. १८६२ च्या पहिल्या बी.ए.तही दोघांची नावं आहेत.

वरच्या प्रोफेसरासमोर हा फेलो विद्यार्थी आणि खालच्या वर्गासमोर मास्तर. दुसऱ्याला शिकवायला उभं राहिलं की आपल्याला काय येत नाही हे फार लवकर कळतं, आणि ते भरून काढायची गरज अब्रूची होते. शिवाय हातात स्वतःचा पैसा आहे. घरचे म्हणतात ती मामलेदार कचेरीतली नोकरी आज उद्यावर ढकलता येते. विद्येचा नाद लागायला वेळ लागतो. दक्षिणेने या मुलांना तो वेळ विकत घेऊन दिला.

भांडारकरांचं उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. मालवणात १८३७ मध्ये जन्मलेला, रत्नागिरीच्या शाळेतून एल्फिन्स्टनमध्ये आलेला हा मुलगा इंग्रजी शिक्षणात वाढलेला. पुढे ज्यांच्या नावाने पुण्यात प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं, त्यांनी संस्कृतचा नेटाने अभ्यास हाती घेतला तो फेलो झाल्यावर, आणि तोही शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून. पाणिनीविषयीच्या कुठल्या दिव्य ओढीतून ही सुरुवात झालेली नाही. साहेबाला फेलोंपैकी कुणीतरी संस्कृतकडे वळावं असं वाटलं, तसं त्याने सांगितलं, आणि भांडारकर जुन्या शास्त्र्यांकडे व्याकरण शिकायला बसले.

मग त्या कामाने माणसाला धरलं. शास्त्र्यांकडे पाठांतर आणि नेमकेपणा होता; युरोपीय पंडितांच्या पुस्तकांत तुलना आणि कालनिर्णयाची पद्धत. भांडारकर या दोन्हींच्या मधोमध उभे होते, आणि तिथून जे दिसलं ते दोन्ही बाजूंच्या गुरूंना दिसत नव्हतं. इंग्रजी शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी संस्कृतची ‘मार्गोपदेशिका’ लिहिली. महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी संस्कृतची पहिली वाक्यं त्या पुस्तकावरून जुळवली. शिकता शिकता शिकवण्याची फेलोची सवय त्या पुस्तकाच्या पानापानांत दिसते : एक नियम, लगेच उदाहरणं, लगेच भाषांतराला वाक्यं.

गुरूने ध्येय दिलं असं इथे म्हणता येत नाही. त्याने काम दिलं. ध्येय पुढे त्या कामात सापडलं.

शिष्यवृत्ती सहा महिने बंद

एल्फिन्स्टन कॉलेजात रानड्यांचे प्रोफेसर होते सर अलेक्झांडर ग्रँट. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे जाणकार, १८६२ पासून कॉलेजचे प्रिन्सिपल आणि रानड्यांच्या बुद्धीवर खूश असलेले. एकदा रानड्यांनी निबंधात मराठी राज्य आणि इंग्रजी राज्य यांची तुलना केली. विशीच्या आतबाहेरचा मुलगा, सरकारी पैशावर शिकणारा, आणि त्याने मराठ्यांचं पारडं जड ठरवलं. ग्रँट यांनी त्याला बोलावून घेतलं. जे सरकार तुला शिकवतंय त्यालाच नावं ठेवतोस, अशा अर्थाची कानउघाडणी केली आणि त्याची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

हा प्रसंग रानड्यांच्या चरित्रांत येतो तो बहुधा त्यांच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून. पण या मागोव्यात त्याचं महत्त्व आणखी आहे. पैसा देणारा हात आणि शिकवणारा हात एकच असला, की विद्यार्थ्याच्या निष्कर्षावर त्याची सावली पडते. फेलोशिपच्या व्यवस्थेत हा दोष पहिल्या पिढीपासून होता. रानडे चिडून कॉलेज सोडून गेले नाहीत; ग्रँट यांच्याविषयीचा त्यांचा आदरही ओसरला नाही. त्यांनी तो प्रश्नही सोडला नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी, हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाल्यावर, ते त्याच प्रश्नाकडे वळले. मराठी सत्तेच्या उदयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झालं. लुटारूंच्या टोळ्यांनी योगायोगाने राज्य मिळवलं, ही इंग्रज इतिहासकारांची मांडणी त्यांनी त्यात खोडून काढली. त्या निबंधाला आता तपशिलाची, कागदपत्रांची जोड मिळाली होती. प्रोफेसराने खोडून काढलेली गोष्टच या विद्यार्थ्याच्या आयुष्याच्या कामांपैकी एक ठरली.

अभ्यासक्रमाबाहेरचे गुरू

ध्येयाचा वारसा प्रत्येक वेळी पगारपत्रकातून गेला असं अर्थातच नाही. केरूनाना छत्रे यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. ते शिकत होते तेव्हा विद्यापीठच नव्हतं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते कुलाब्याच्या वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली लागले. वेध घ्यायचे, आकडे नोंदायचे, गणित करायचं, यातून त्यांचं ज्योतिष घडलं. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. आकाशात ग्रह दिसतो एकीकडे आणि पंचांगात असतो दुसरीकडे, ही तफावत मिटावी म्हणून त्यांनी पंचांग सुधारण्याचा घाट घातला.

डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली गणित शिकलेल्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक होते. टिळकांचं पुढचं आयुष्य राजकारणात गेलं. पण ग्रहगणिताचा नाद त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. वेदांच्या काळाविषयीचा त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ चा. त्यातला सगळा युक्तिवाद नक्षत्रांच्या आणि संपाताच्या गणितावर उभा आहे. शुद्ध पंचांगाचा केरूनानांचा आग्रह त्यांनी पुढे चालवला आणि आजही निघणाऱ्या टिळक पंचांगाच्या नावात तो टिकून आहे. वेधशाळेतला साहेब, पदवी नसलेला प्रोफेसर आणि राजकारणी शिष्य अशी ही परंपरा आहे. तिघांना बांधणारी गोष्ट एकच होती, आकाशातल्या आणि कागदावरच्या आकड्यांचा मेळ.

दुसरी जोडी रानडे आणि गोखल्यांची. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले आणि पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिरले. तिथले आजीव सभासद वीस वर्षं अल्प वेतनावर शिकवण्याचं बंधन स्वीकारत. फर्ग्युसनमध्ये गोखल्यांना गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे समोर येईल ते शिकवावं लागलं. ऐन विशीत त्यांची रानड्यांशी गाठ पडली. रानडे तेव्हा न्यायाधीश. फावल्या वेळात सार्वजनिक सभेचं काम. त्यांनी या तरुण प्रोफेसरापुढे सरकारी अहवालांचे गठ्ठे ठेवले. वाचायचं, आकडे तपासायचे, सरकारला पाठवायच्या अर्जाचा मसुदा करायचा. मसुदा रानडे बारकाईने पाहणार, आणि बहुतेक वेळा तो पुन्हा लिहावा लागणार.

एका अशा अर्जावर कित्येक दिवस राबल्यावर सरकारकडून दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं. गोखले खट्टू झाले. एवढ्या मेहनतीचा उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. रानड्यांनी दिलेलं उत्तर पुढे गोखल्यांनीच सांगितलेलं आहे. त्याचा आशय असा, की हे अर्ज सरकारच्या नावाने असले तरी ते खरं म्हणजे आपल्या लोकांसाठी आहेत. अशा प्रश्नांवर विचार कसा करायचा हे लोकांनी त्यातून शिकायचं आहे, आणि फळाची वाट न पाहता हे बरीच वर्षं करावं लागणार आहे. गोखल्यांची पुढची कारकीर्द, कायदेमंडळातली अंदाजपत्रकावरची भाषणं आणि १९०५ मध्ये काढलेला भारत सेवक समाज, या उत्तराच्या उजेडात पाहिली की नीट उलगडते. उत्तर मोलाचं होतंच. पण ते रुजलं, कारण त्याआधी गोखल्यांनी ते गठ्ठे उपसले होते. आधी राबवून घेतलं आणि मग त्या राबण्याचा अर्थ सांगितला. रानड्यांनी हा क्रम उलटा ठेवला असता तर ते नुसतं प्रवचन झालं असतं.

रमण्याबाहेरचा विद्यार्थी

हे सगळं एका अरुंद वर्तुळात चाललं होतं, आणि जोतीराव फुल्यांनी ते स्वच्छ शब्दांत सांगितलं. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलं, की सरकारचा महसूल येतो तो बहुतांशी रयतेच्या घामातून, आणि उच्च शिक्षणावरच्या खर्चाचा फायदा मात्र वरच्या वर्गांना होतो. दक्षिणेचा पैसा रमण्यातून कॉलेजात गेला खरा, पण कॉलेजाच्या दारातून आत कोण जातं, हा प्रश्न तसाच उभा होता.

त्या दारातून भीमराव आंबेडकर आत गेले ते दक्षिणेवाचून. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. शाळामास्तर आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा केळूसकरांनी हेरला होता. पुस्तक देऊन ते थांबले नाहीत. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. बुद्धाचं चरित्र आणि दरमहा पंचवीस रुपये, दोन्ही एकाच माणसाच्या मध्यस्थीने आले. त्यातलं पुस्तक १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत जाऊन पोचलं हे आपण जाणतो. पण पंचवीस रुपये नसते तर मधली पन्नास वर्षं कशी गेली असती, हेही विचारून पाहावं.

१९१३ मध्ये गायकवाडांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. तिथे जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक भेटले. पण या मागोव्यासाठी जास्त बोलका आहे तो लंडनचा प्रसंग. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध केला. १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. प्रस्तावना लिहिली प्रोफेसर एडविन कॅनन यांनी, आणि त्यात त्यांनी उघडपणे नोंदवलं, की लेखकाचे बरेचसे युक्तिवाद मला पटत नाहीत. तरीही या मांडणीतला ताजेपणा वाचकाला विचार करायला लावेल, असंही त्यांनी लिहिलं. ग्रँट यांनी न पटलेल्या निबंधापायी शिष्यवृत्ती थांबवली होती. साठ वर्षांनी कॅनन न पटलेल्या प्रबंधाला प्रस्तावना देत होते. गाइड या संस्थेचा प्रवास मोजायचा तर या दोन घटनांमधल्या अंतराने मोजावा.

पेशव्यांचा पैसा, पेशव्यांची जात

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. त्यांच्या वर्गात संस्कृतचा एक एम.ए. येऊन बसू लागला : गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म १८९३, गाव भांडारकरांचंच मालवण. गेडिस यांनी त्यांना समाजशास्त्राकडे वळवलं आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर घुर्ये इंग्लंडला गेले. तिथे लंडनला ते फार रमले नाहीत, केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले, तेव्हा काम पुरं करताना ए. सी. हॅडन यांचा आधार मिळाला. गाइड बदलणं म्हणजे काय आणि गाइड गमावणं म्हणजे काय, हे दोन्ही घुर्ये अनुभवून आले होते. १९२४ मध्ये ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ८० प्रबंध झाले. आज ज्याला आपण गाइड म्हणतो तो प्राणी महाराष्ट्रात पूर्ण आकाराला आला तो घुर्यांच्या खोलीत.

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली एक मुलगी त्यांच्याकडे आली. इरावती करमरकर, जन्म ब्रह्मदेशातला, शिक्षण हुजूरपागेत, वाढल्या रँग्लर परांजप्यांच्या घरात. मुंबईत राहून समाजशास्त्र शिकण्यासाठी त्यांना जे वेतन मिळालं ते दक्षिणा फेलोशिपचं. घुर्यांकडे त्यांनी एम.ए.साठी प्रबंध लिहिला तो चित्पावन ब्राह्मणांवर.

इथे क्षणभर थांबायला हवं. पेशव्यांनी श्रावणात वाटलेल्या, बाईला कधीही न मिळालेल्या दक्षिणेचा वारसा सांगणारं हे वेतन. ते घेणारी एक बाई. आणि तिने अभ्यासाला घेतलेली जात खुद्द पेशव्यांची आणि स्वतःचीही. रमण्याबाहेर हात पसरून उभ्या असलेल्या कुणालाही हा शेवट सुचला नसता. पण विद्येला दिलेला पैसा असाच फिरतो : एकदा तो प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती पडला की देणाऱ्यालाही प्रश्नाखाली आणतो.

१९२८ मध्ये पदवी घेऊन इरावती, आता कर्वे, बर्लिनला गेल्या. तिथे गाइड होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे वजनदार शास्त्रज्ञ, दाहलेममधल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख. विषय दिला गेला मानवी कवटीच्या दोन बाजूंमधली विषमता. वंशावंशांत तिचा फरक दिसावा ही अपेक्षा त्यामागे होती. इरावतीबाई कवट्या हातात घेऊन डावी बाजू, उजवी बाजू मोजत गेल्या, आकडे मांडत गेल्या, आणि त्या आकड्यांतून अपेक्षेला आधार मिळाला नाही. परक्या देशात, गाइडच्याच संस्थेत, गाइडला नको असलेला निष्कर्ष त्यांनी प्रबंधात लिहिला. मापं घेण्याची शिस्त मात्र त्यांनी तिथूनच उचलली आणि पुढे महाराष्ट्रातल्या जातीजमातींच्या अभ्यासात वापरली. गुरूकडून पद्धत घ्यायची आणि त्याचं मत तिथेच ठेवून यायचं, हे फार थोड्यांना जमतं.

१९३४ मध्ये बंद पडलेलं डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा तिथे समाजशास्त्र आणि मानवशास्त्राची जबाबदारी इरावतीबाईंकडे आली. १९७० मध्ये त्या वारल्या त्या याच संस्थेत काम करत असताना. दक्षिणेच्या पैशावर सुरू झालेल्या पाठशाळेचा वंश सांगणाऱ्या संस्थेत दक्षिणा फेलो असलेली बाई शिकवायला आली. एवढ्यापुरतं एक वर्तुळ पुरं झालं.

घुर्यांच्या इतर शिष्यांकडेही पाहावं. एम. एन. श्रीनिवास यांनी त्यांच्याकडे म्हैसूरमधल्या विवाहसंस्थेवर आणि कूर्गांवर काम केलं. मग ऑक्सफर्डला जाऊन तेच साहित्य रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या नजरेने पुन्हा लिहून काढलं आणि ग्रंथांपेक्षा गावाकडे पाहणारी वेगळी वाट धरली. अक्षयकुमार देसाई हे तर मार्क्सवादी कार्यकर्ते. गाइड जातिव्यवस्थेकडे संस्कृत ग्रंथांतून पाहणारा, शिष्य वर्गसंघर्षातून. तरी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा त्यांचा प्रबंध घुर्यांच्याच हाताखाली पूर्ण झाला, आणि १९४८ मध्ये निघालेलं ते पुस्तक अजून वाचलं जातं. घुर्ये काही मऊ स्वभावाचे गाइड नव्हते. पण त्यांच्या शिष्यांच्या यादीत त्यांच्या मतांची नक्कल करणाऱ्यांपेक्षा त्यांच्याशी वाकडं धरणारेच पुढे मोठे झाले.

आठ, सहा, चार

आता हा सगळा व्यवहार नियमात बसला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रोफेसर एका वेळी ८ पीएच.डी. विद्यार्थी घेऊ शकतो, असोसिएट प्रोफेसर ६ आणि असिस्टंट प्रोफेसर ४. नेट-जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था अनुसूचित जाती, मराठा-कुणबी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या संशोधकांना फेलोशिप देतात. फुल्यांच्या हंटर आयोगापुढच्या तक्रारीला हे उशिरा आलेलं उत्तर म्हणता येईल. त्या फेलोशिपसाठी मुलांना आंदोलनाला बसावं लागतं हा त्या उत्तराचा राहिलेला भाग. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेचं काम देता येईल अशी तरतूदही आहे. रानडे आणि भांडारकर ज्या जागेवर बसत ती जागा, नाव न घेता, कागदावर परत आली आहे.

कागदावर अशासाठी, की बहुतेक ठिकाणी हे तास गाइडचे पेपर तपासण्यात, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली भरण्यात नाहीतर सेमिनारच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यात जातात. कामं ही पण आहेत. रानड्यांनी गोखल्यांना दिलेलं कामही गाढवमेहनतीचंच होतं. फरक एवढाच, की त्या कामाला पुढे एक प्रश्न होता, आणि तो प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायला रानडे समोर होते.

तेव्हा पेट ही पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा देऊन गाइड शोधत फिरणाऱ्यांनी त्या गाइडचे पेपर किती, इंडेक्स काय, हे पाहावंच. पण त्याच्या हाताखालून डॉक्टर झालेल्यांची यादीही मिळवावी आणि त्यातले किती जण आज त्याच्याशी सहमत नाहीत ते विचारावं. सगळेच सहमत असतील तर दुसरा गाइड पाहावा.